पाटी, खोकला आणि एक नाकारलेला अर्ज

हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा आधी माझाच जुना केसपेपर काढून पाहिला. फेब्रुवारीतल्या पहिल्या भेटीची नोंद दीड ओळीची आहे: 'वय ४९. खोकताना लघवी सुटते, ३ वर्षं. टेप ऑपरेशनचा सल्ला.' खाली सही आणि शिक्का. (टेप म्हणजे मूत्रमार्गाखाली आधाराला बसवायची जाळीची पट्टी.) याच दीड ओळीवर कॅशलेसचा, म्हणजे विम्याने बिल थेट भरावं असा, अर्ज गेला आणि तो नाकारला गेला. त्या दिवशी मी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, नावाने बरीच बडबड केली होती. आज तो कागद वाचताना वाटतं, तिथे मी असते तर मीही नाकारला असता.

पेशंट मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातली, मासे विकणारी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला इथे काकी म्हणते, दवाखान्यातही म्हणतेच. तीन बाळंतपणं, तिन्ही साधी, पहिली दोन घरी. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. रक्तदाबाची गोळी चालू, साखर काठावर. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. मुलगा चाकणला कारखान्यात. त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील घातलेले, म्हणून ऑपरेशनचा विचार तरी शक्य होता.

पहिल्या भेटीत ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरबाई, खोकलो इलो काय लुगडा भिजता." मी तपासलं, खोकायला लावलं, लघवीची चिळकांडी समोर दिसली. निदान झालं, उपाय माहीत होता, बाहेर पंधरा बायका नंबर लावून बसल्या होत्या. त्यातून ती दीड ओळ जन्माला आली.

नकाराच्या पत्राचा मथितार्थ असा होता की पाठवलेल्या कागदांवरून शस्त्रक्रियेची वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही, आणि ऑपरेशनाविना करायचे उपाय केल्याची नोंद नाही. कॅशलेस नाकारणं म्हणजे दावा नाकारणं नव्हे, खर्च करून मागाहून बिलं लावता येतात, हे मी सुनेला समजावलं. पण आधी खर्च करायला पैसे नव्हते. शिवाय पत्रातला दुसरा मुद्दा मला टोचत होता, कारण तो खरा होता. मी खरंच काही केलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा बोलावलं ते दुपारी, ओपीडी संपल्यावर. यावेळी खुर्ची जवळ ओढून बसले आणि फक्त ऐकलं.

त्या पाऊण तासात जे कळलं ते दीड ओळीत मावणारं नव्हतं. पहाटे चारला उठून ती किनाऱ्यावर जाते, लिलावात मासे घेते, पाटी भरते आणि रिक्षाने बाजारात. सकाळी अकरापर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. का, तर "पाणी पियालंय तर जातलंय खंय?" बाजारात मुतारी आहे, पण तिच्या दाराला आतून कडी नाही. निघण्याआधी लागलेली असो नसो, दोनदा जाऊन येते. दिवसभरात कोऱ्या चहाचे सहा कप. कमरेला जुन्या लुगड्याची घडी, ती दिवसात तीनदा बदलायची. बाजारात लाज वाटत नाही का, असं मी विचारलं. तिचं उत्तर अजून कानात आहे: "बाजारात कोणाक कळना नाय, खाली पाणीच असता. पण देवळात कसा जावचा?" सात प्रहराच्या भजनाला ती दोन वर्षं देवळाच्या पायरीखाली उभी राहून परत येत होती. मुंबईला भाचीच्या लग्नाला गेली नाही. एसटीने कोल्हापूर नको म्हणून डोळे तपासायचे राहिले होते.

शेजारणीने सल्ला दिला होता, 'पिशवी काढून टाक'. हा सल्ला आपल्याकडे इतका पसरलेला आहे की इथे थांबून सांगते: गर्भाशय काढणं हा लघवी सुटण्यावरचा उपाय नाही. पिशवी अंगाबाहेर येत असेल तर तो वेगळा आजार, त्याचं ऑपरेशन वेगळं. काकीचं अंग जेमतेम पहिल्या पायरीइतकं उतरलेलं होतं. त्याला हात लावायचं कारण नव्हतं.

मग तीन दिवसांची डायरी. काकीची शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहायचं काम नववीतल्या पुतणीने केलं. मी मोजायला एक प्लास्टिकचा जार दिला आणि चार खुणा ठरवून दिल्या: लघवीला गेली की गोल, खोकल्याने सुटली तर फुली, पाटी उचलताना सुटली तर चौकोन, जोराची लागून पोचेपर्यंत सुटली तर बाण. वहीचं ते पान मी जपून ठेवलंय. दिवसाला सरासरी अकरा गोल, प्रत्येक वेळी ९० ते १५० मिलिलिटर. चार फुल्या, दोन चौकोन, एक बाण. बाण बहुतेक दुपारचा, घरी येऊन कुलपात किल्ली फिरवताना.

या एका पानाने माझं निदान दुरुस्त झालं. केसपेपरवर होता निव्वळ ताणाचा प्रकार, म्हणजे पोटात दाब वाढला की मूत्रमार्गाची पकड सुटते तो. दुसरा प्रकार घाईचा. त्यात मूत्राशयच अवेळी आकसतं. टेप पहिल्यावर चालते. दुसऱ्यावर चालत नाही, कधी त्याला वाढवतेही. काकीत दोन्ही होते, मात्र सात गळत्यांपैकी सहा ताणाच्या. हे प्रमाण न मोजता ऑपरेशन केलं असतं आणि नंतर दुपारचा बाण तसाच राहिला असता, तर ती 'ऑपरेशन फुकट गेलं' म्हणाली असती. त्यात तिची चूक नसती.

आणि फुल्या. दिवसाला चार वेळा खोकला? दमा नाही, तंबाखू नाही, छातीचा एक्सरे स्वच्छ. खोकला कोरडा, घशात खवखव, रात्री आडवं झालं की जास्त. रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट पिशवीतून काढायला लावलं. रामिप्रिल, ५ मिलिग्रॅम, तीन वर्षं.

लघवी सुटायला लागूनही तीन वर्षंच झाली होती.

या गटातल्या औषधांनी काहींना कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त. हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतंच. मी फक्त विचारलं नव्हतं. तिच्या फिजिशियनना फोन केला, त्यांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. तीन आठवड्यांत खोकला गेला. पुढच्या डायरीत तीन दिवसांत मिळून दोन फुल्या. एकही टाका न घालता जवळजवळ निम्मी गळती थांबली. ऑपरेशनचा पहिला अर्ज मंजूर झाला असता तर काय झालं असतं, हा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला. टेप बसली असती, गळती थांबलीही असती, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं असतं.

सोबत किरकोळ पण आवश्यक गोष्टी उरकल्या. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, त्याचा कोर्स दिला. पाळी गेल्याने योनीचं अस्तर सुकलेलं, त्यासाठी इस्ट्रोजेनचं मलम. चहा सहावरून तीन कप. वजन पाच किलो कमी करा म्हटलं, दोन झालं. मूत्राशयाला वळण लावायचं म्हणजे लागली नसताना जायचं नाही आणि लागली की पाच मिनिटं दम धरायचा. हे तिने सहा आठवडे नेटाने केलं, आणि रोजचा बाण आठवड्यातून एकदोनदावर आला.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम हा यातला मोठा भाग, आणि कागदावर सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा. आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी हे व्यायाम १९४८ मध्ये मांडले, तेव्हापासून आम्ही 'केगल्स सांगितले' असं लिहून मोकळे होतो. सांगणं म्हणजे करणं नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं किमान तीन महिने देखरेखीखालचा व्यायाम मागतात, दिवसातून तीनदा आणि दर वेळी निदान आठ आकुंचनं. देखरेख हा शब्द महत्त्वाचा आहे. मी बोटाने तपासत काकीला 'आवळा' म्हटलं, तेव्हा ती वर ओढायच्या ऐवजी खाली जोर करत होती, बाळंतपणात करतात तसा. घरी बसून तिने तीन महिने तेच केलं असतं तर अंग आणखी उतरलं असतं. 'चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आवळता तसं, आणि पुढूनही' असं म्हटल्यावर जमलं. पकड पाचपैकी दोन होती. फिजिओथेरपिस्टकडे ती पंधरा दिवसांनी एकदा यायची, येताना एसटी न घेता दिराच्या मोटरसायकलवर.

व्यायाम सुरू झाला एप्रिलच्या मध्याला. कोकणचं वेळापत्रक इथे मध्ये आलं आणि प्रकरणाला भलतंच वळण मिळालं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत काकी आठवडी बाजारात सुकी मासळी विकते. सुक्या बांगड्याची आणि जवळ्याची पाटी ओल्या मासळीच्या मानाने काहीच नव्हे. लावणीला जाते, तिथे वाकणं असतं पण उचलणं नसतं. जुलैअखेर आली तेव्हा डायरीत तीन दिवसांत एकही चौकोन नव्हता. स्नायूंची पकड दोनवरून साडेतीनावर गेलेली. ती खूश, मी त्याहून खूश. 'ऑपरेशनची गरज नाही' असं वाक्य मी केसपेपरवर लिहिणारच होते.

पेन थांबलं ते फिजिओथेरपिस्टच्या एका प्रश्नामुळे: "मॅडम, त्या सध्या पाटी उचलतायत का?"

उचलत नव्हत्या. म्हणजे आम्ही व्यायामाचा परिणाम मोजत नव्हतो, मासेमारी बंदीचा मोजत होतो.

मग ठरवलं की निकाल नारळी पौर्णिमेनंतर. दर्याला नारळ वाहिला, बोटी गेल्या, बाजार भरला, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातल्या डायरीत चौकोन परत आले. दिवसाला एक, कधी दोन. फुल्या जवळजवळ नाहीत, बाण आठवड्याला एखादा. पण ज्या कामावर तिचं घर चालतं, नेमकं त्याच कामात गळती.

ती पाटी कशी उचलते ते मला पाहायचं होतं. दवाखान्यात तांदळाची पंचवीस किलोची पिशवी मागवली. काकी उकिडवी बसली, चुंबळ डोक्यावर ठेवली, सुनेने एका बाजूने हात लावला. उचलण्याआधी आवळायचं हे तिला फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं, आणि ती आवळतही होती. चेहऱ्यावर दिसत होतं. उठेपर्यंत काही झालं नाही. ओझं डोक्यावर टेकलं, दोन्ही हात वर गेले, मान ताठ करायला तिने श्वास रोखला, आणि त्या क्षणी सुटलं. स्नायू कमकुवत नव्हते. एकाच वेळी श्वास रोखणं, तोल सांभाळणं आणि तळ आवळून धरणं हे तिघांचं काम तिच्या शरीराला एकदम जमत नव्हतं. मला वाटतं चाळिशीतल्या कुणालाच जमलं नसतं.

लहान पाट्या कराव्यात, दोन फेऱ्या माराव्यात, हे सुचवून झालं होतं. पंधरा दिवस तिने केलं. लिलावाच्या जागेपासून रिक्षापर्यंत दोन फेऱ्या मारायच्या तर पहिल्या फेरीतली पाटी सांभाळायला माणूस लागतो, आणि बाजारात चांगली जागा पहिल्या येणाऱ्याला मिळते.

आता गरजेचा प्रश्न खरा उभा राहिला.

'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार' या शब्दांची आपल्या आरोग्य विम्यात ठरलेली व्याख्या आहे. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ती सगळ्या कंपन्यांना सारखी घालून दिली आहे. थोडक्यात तिच्या चार अटी: उपचार त्या आजाराच्या व्यवस्थापनासाठी लागणारा हवा, जेवढी गरज तेवढाच हवा (व्याप्तीने, कालावधीने किंवा तीव्रतेने जास्त नको), डॉक्टरने लिहून दिलेला हवा, आणि देशातल्या वा जगातल्या वैद्यक क्षेत्राने मान्य केलेल्या पद्धतीत बसणारा हवा. पहिली, तिसरी आणि चौथी अट फेब्रुवारीतही पुरी होत होती. माझा अर्ज पडला तो दुसरीवर. 'जेवढी गरज तेवढाच' हे सिद्ध करायचं तर त्याहून कमी उपाय करून पाहिले आणि ते इथपर्यंत पोचले, पुढे नाहीत, हे दाखवावं लागतं. फेब्रुवारीत दाखवायला काही नव्हतं. सप्टेंबरात होतं.

व्याख्येत जिवाला धोका असण्याची अट कुठेही नाही, हेही वाचकांनी पाहून ठेवावं. लघवी सुटल्याने कुणी मरत नाही म्हणून हे ऑपरेशन हौसेचं, हा युक्तिवाद मी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलाय. मोतीबिंदूनेही कुणी मरत नाही. उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच कच्चा: पेशंटला त्रास आहे आणि ऑपरेशन उपलब्ध आहे, म्हणजे गरज सिद्ध. २०१३ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र ताणाची गळती असलेल्या ४६० बायका, निम्म्यांना आधी फिजिओथेरपी, निम्म्यांना थेट टेप. वर्षभरात सुधारणा टेपवाल्यांत ९० टक्क्यांच्या वर, फिजिओथेरपीवाल्यांत ६४ टक्क्यांच्या आसपास, आणि फिजिओथेरपीवाल्यांतल्या ४९ टक्क्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. सर्जन हा आकडा 'मग आधीच करा ना' असा वाचतात. मी तो उलटाही वाचते: उरलेल्या निम्म्याजणींना वर्षभरात चाकूची गरज वाटली नाही. काकी कुठल्या निम्म्यात आहे हे करून पाहिल्याशिवाय कळणार कसं?

दुसऱ्या अर्जासोबत दोन पानांची नोंद गेली. फेब्रुवारी, एप्रिल, जुलै आणि ऑगस्टच्या डायऱ्या, जुलैच्या डायरीखाली 'मासेमारी बंदीचा काळ, ओझं नाही' अशी टीप. औषध बदलल्याची तारीख. फिजिओथेरपीच्या भेटींच्या तारखा आणि दर वेळची पकड. मूत्राशय भरलेलं असताना उभं राहून खोकल्याची चाचणी: खोकल्याबरोबर लगेच चिळकांडी, खोकला थांबताच बंद. हे 'लगेच' मुद्दाम लिहिलं, कारण खोकल्यानंतर दोनचार सेकंदांनी धार लागली तर तो मूत्राशयाच्या आकसण्याचा संशय असतो. लघवी केल्यावर आत उरलेली ४० मिलिलिटर, म्हणजे रिकामं होण्यात अडथळा नाही. आणि जगभर वापरली जाणारी तीन प्रश्नांची गुणपत्रिका, एकूण २१ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास: सुरुवातीला १६, आता ११.

यावर तिकडच्या वैद्यकीय परीक्षकाचा प्रश्न आला: युरोडायनॅमिक तपासणी का नाही? या तपासणीत मूत्राशयात बारीक नळी घालून ते भरताना दाब मोजतात. आमच्याकडून त्यासाठी गोव्याला नाहीतर कोल्हापूरला जायचं. मी फोन मागितला आणि, नवल म्हणजे, मिळाला. पलीकडे एक तरुण डॉक्टर होता. त्याला २०१२ चा अमेरिकन अभ्यास सांगितला: ६३० बायका, ताणाची गळती मुख्य आणि गुंतागुंत नसलेल्या, निम्म्यांची ऑपरेशनआधी युरोडायनॅमिक तपासणी केली, निम्म्यांची फक्त दवाखान्यातली तपासणी, वर्षाने यश दोन्हीकडे ७७ टक्क्यांच्या आसपास. काकीची घाईची गळती जास्त असती, आधी ऑपरेशन झालेलं असतं, लघवी तुंबत असती, तर मी स्वतःच गोव्याला पाठवलं असतं. त्याने दोन प्रश्न विचारले, दोन्ही मुद्द्याचे. संध्याकाळी मंजुरी आली.

आणि काकी नाही म्हणाली.

"आता सीझन सुरू झालो. आता मी खाटीर पडलंय तर मासे कोण इकतलो? बंदीत करूया." टेपनंतर सहा आठवडे ओझं उचलायचं नाही. सप्टेंबर ते मे हीच तिची कमाई. मंजुरीची मुदत अर्थातच संपली.

पुढच्या मे महिन्यात तिसरा अर्ज केला, तेव्हा अपेक्षेप्रमाणे विचारणा झाली की ऑपरेशन गरजेचं होतं तर आठ महिने कसे निघाले. प्रश्न अगदीच चुकीचा नाही, पण त्यात गरज आणि घाई यांची गल्लत आहे. अपेंडिक्सला दोन्ही असतात. काकीच्या दुखण्याला गरज होती, घाई नव्हती. ते आठ महिने कसे काढले तेही मी लिहिलं: दिवसाला तीन घड्या, ताजी डायरी, चौकोन तेवढेच, गुण पुन्हा ११. व्यायाम चालूच होता. यावेळी फोन करायचीही गरज पडली नाही, मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

जाळीबद्दल तिच्याशी झालेलं बोलणं मात्र नोंदवायलाच हवं. हे ऑपरेशन म्हणजे मूत्रमार्गाच्या मध्याखाली सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची, विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची पट्टी बसवायची. ही पद्धत १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये उल्फ उल्मस्टेन यांनी रुळवली. पुढे अंग उतरण्यासाठी योनीमार्गातून मोठ्या जाळ्या बसवायचं पेव फुटलं, त्यातून अनेक बायकांना वेदना आणि जखमा झाल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये त्या जाळ्यांची विक्री थांबवली. त्या आदेशात लघवीसाठीची टेप नव्हती. ब्रिटनने मात्र जुलै २०१८ मध्ये टेपवरही स्थगिती आणली. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या. पट्टी बसवली की आयुष्यभर आत राहते, काढणं अवघड, क्वचित ती अस्तरातून डोकावते, हेही. पर्याय म्हणून पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची स्वतःचीच पट्टी काढून लावता येते. बाहेरचं काही आत राहत नाही, पण पोटावर छेद येतो आणि सावरायला वेळ लागतो.

काकीने नमुन्याची पट्टी बोटांत धरली, ताणली, नखाने खरवडली, उजेडात धरून विण पाहिली. "ही दोरी आमच्या बोटीर असता तसलीच मां?" म्हटलं, हो, धागा त्याच जातीचा. बोटीवरच्या बऱ्याच दोऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्याच असतात. ती हसली. "कुजणा नाय म्हणान तर बोटीक वापरतत." मग लगेच गंभीर होऊन म्हणाली की तीच दोरी ताणात असताना हाताला कापतेही. जाळीच्या धोक्याचं इतकं नेमकं वर्णन मला संमतीपत्रात कधी जमलं नव्हतं.

पट्टी मांडीकडून घालायची की जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, मागून, हा शेवटचा निर्णय. २०१० च्या ५९७ बायकांच्या अभ्यासात वर्षाअखेर यश दोन्हींत ८० टक्क्यांच्या आसपास. मांडीकडून घातलेल्यांत पायाच्या मुंग्या, अशक्तपणा अशा तक्रारी ९.४ टक्के, मागून घातलेल्यांत ४. उलट लघवी अडून पुन्हा ऑपरेशन करावं लागलेल्या २.७ टक्के, त्या सगळ्या मागून घातलेल्यांत. रोज उकिडवं बसून पंचवीस किलो घेऊन उठणाऱ्या बाईच्या मांडीत मुंग्या नकोत, असं माझं मत. तिलाही ते पटलं. जघनास्थीमागून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाठीत इंजेक्शन देऊन, कोल्हापूरहून येणाऱ्या युरॉलॉजिस्टसोबत केलं. सुई मूत्राशयाला लागली नाही ना, हे दुर्बिणीने पाहिलं. दुसऱ्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढला, पहिल्यांदा लघवी २१० मिलिलिटर झाली, आत उरली ७०. त्या दिवशी पाऊस असा होता की न्यायला आलेला दीर संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर अडकून बसला होता.

ऑगस्टअखेरच्या डायरीत चौकोन नाहीत, पाटी पूर्वीइतकीच. आठवड्याला एखादा बाण आहे, तो राहणार हे तिला आधीच सांगितलं होतं. गुण ४. एक तक्रार मात्र नवी आहे: धार पूर्वीपेक्षा बारीक आणि हळू. तपासलं, आत फारसं उरत नाही, त्यामुळे सध्या काही करायचं नाही. फक्त वेळ लागतो. बाजारातल्या मुतारीला आतली कडी अजून बसलेली नाही, तेव्हा काकी आत असेपर्यंत सून मासे झाकून दाराला पाठ लावून उभी राहते.